जुन्या फोटोतला पोलीस: साल, ठिकाण आणि माणूस कसा ओळखावा

निवृत्त पोलिसाच्या घरात साधारण दोन प्रकारचे फोटो निघतात. पहिला ठाण्याचा ग्रुप फोटो: पुढे खुर्च्यांवर साहेब, मागे तीन रांगा, खाली जाड पुठ्ठा. दुसरा प्रकार कमी सापडतो आणि म्हणूनच जास्त जपायला हवा. तो म्हणजे कामावर असतानाचा फोटो. चौकात हात आडवा करून उभा असलेला शिपाई, विसर्जनाच्या मिरवणुकीतला बंदोबस्त, गुडघाभर पाण्यात दोर धरून उभी असलेली तुकडी, ओसरीवर बसून पंचनामा लिहिणारा फौजदार. अशा फोटोंवर नाव नसतं, तारीख नसते, आणि ज्यांना ती माहीत होती ती माणसं एकेक करून जात आहेत. म्हणून पुढचं काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

१. हात लावण्याआधी

टेबल पुसून कोरडं करा, वर पांढरा सुती कपडा पसरा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा किंवा नायट्राइलचे हातमोजे घाला. फोटो कडेने धरा. वर धूळ असेल तर मऊ कोरड्या ब्रशने मधून कडेकडे झटका. ओला कापूस, कोलीन, स्पिरिट यातलं काहीही लावू नका. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, तो पाण्याने फुगतो आणि बोटाला चिकटून येतो.

भिंतीवरच्या फ्रेममध्ये काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. दोन-चार पावसाळे ओल धरली की जिलेटिन काचेला घट्ट बसतं, आणि ओढताना नेमका चेहराच काचेवर राहतो. अशा फोटोचा काचेसकटच फोटो घ्या: दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, कॅमेऱ्यामागे काळा कपडा, म्हणजे काचेत प्रतिबिंब येत नाही.

२. आधी पाठ वाचा

बहुतेक लोक चेहऱ्यापासून सुरुवात करतात. तुम्ही फोटो उलटा करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला ऑर्डर नंबर, कागद बनवणाऱ्या कंपनीचं नाव, कुणीतरी मोडीत किंवा बाळबोधीत लिहिलेली ओळ, सगळं जसंच्या तसं वहीत उतरवा. शुद्धलेखनही सुधारू नका. मोडी वाचता येत नसेल तर पाठीचा वेगळा फोटो काढून जाणकाराला दाखवा.

मग कागद तपासा. नागमोडी कातरलेली कडा १९३० ते १९६० च्या दशकांत सर्रास दिसते. पाठीला प्लॅस्टिकसारखा गुळगुळीतपणा असेल आणि शाई नीट धरत नसेल, तर तो प्लॅस्टिक लेपाचा कागद आहे, म्हणजे ती प्रत साधारण १९७० च्या आसपासची किंवा नंतरची. अंधाऱ्या खोलीत अतिनील किरणांची छोटी टॉर्च पाठीवर टाका. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळपणा आणणारं रसायन आहे, आणि ते फोटोच्या कागदात १९५० च्या दशकाच्या मध्यापासून रुळलं. ‘हा १९३० च्या सत्याग्रहातला बंदोबस्त’ असं घरात सांगितलं जातं आणि कागद मात्र चमकतो, असं होऊ शकतं. त्यामुळे घरातली गोष्ट खोटी ठरत नाही. मूळ निगेटिव्ह जुनी आणि हातातली प्रत नंतर काढलेली, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या नोंदवा.

३. स्कॅन, आणि तोही पुरेसा मोठा

गल्लीतल्या दुकानात सहसा ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन करून जेपेग देतात. ग्रुप फोटोला ते पुरत नाही. बारा इंच रुंद फोटोत चाळीस माणसं असतील तर एकेक चेहरा जेमतेम ७ मिलिमीटर येतो. ३०० डीपीआयला त्या चेहऱ्याला ८० च्या आसपास पिक्सेल मिळतात, ६०० ला १६५. टोपीवरचा बिल्ला आणि पट्ट्याचं बक्कल वाचायचं तर हाच फरक कामाला येतो.

छापील फोटो ६०० डीपीआय, पासपोर्टएवढा असेल तर १२००. निगेटिव्ह २४०० किंवा जास्त. कृष्णधवल असला तरी रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, कारण पिवळेपणा, शाईचा रंग, हाताने भरलेले रंग हीसुद्धा माहिती आहे. फाईल टिफमध्ये ठेवा, म्हणजे जेपेगसारखे तपशील गळत नाहीत. सहा बाय चार इंचाचा फोटो सुमारे २६ एमबी होतो, बारा बाय दहाचा १३० एमबी. कडा कापू नका, पुठ्ठ्यासकट स्कॅन करा, आणि पाठीचं वेगळं स्कॅन घ्या. मोबाइलमधलं ‘चेहरा स्वच्छ करा’ हे बटण मूळ फाईलवर कधीही वापरू नका. ते नसलेले तपशील स्वतःहून भरतं, आणि मग बक्कलावरचा ३ कधी ८ होतो ते कळतही नाही.

४. ‘याच्या आधीचा नाही’, ‘याच्या नंतरचा नाही’

साल ओळखण्याची ही खरी किल्ली. वहीत दोन रकाने आखा. फोटोतली प्रत्येक खूण यातल्या एका रकान्यात टाका. अंदाजाने ‘साठच्या दशकातला असेल’ असं लिहायचं नाही.

समजा, मुंबईतल्या एका नाक्यावर वाहतूक शिपाई उभा आहे. मागून ट्राम जाते आहे. बाजूच्या मोटारीच्या नंबरप्लेटचं पहिलं अक्षर इंग्रजी एम आहे. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, म्हणजे फोटो त्यानंतरचा नाही. मुंबई राज्याच्या काळात इथल्या गाड्यांचे नंबर इंग्रजी बीने सुरू होत, महाराष्ट्र झाल्यावर ते एमने सुरू झाले. म्हणजे गाडी इथलीच असेल तर फोटो १ मे १९६० च्या आधीचा नाही. दोनच खुणांत चार वर्षांवर आलो. दुकानाच्या पाटीवर ‘न. पै.’ दिसलं तर तीही खूण नोंदवा: नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि त्यातलं ‘नवे’ १९६४ च्या जूनमध्ये गळलं.

चूक इथे होते: प्लेटवर बी दिसला म्हणून फोटो १९६० च्या आधीचा ठरत नाही. जुनी गाडी जुनाच नंबर घेऊन पुढे कित्येक वर्षं फिरते. रिकाम्या रुळांचंही तसंच. ट्राम बंद झाली तरी रूळ लगेच उखडले जात नाहीत. नवी वस्तू दिसली तर खालची मर्यादा पक्की होते. जुनी वस्तू नुसती दिसली तर काहीच पक्कं होत नाही; धावत्या ट्रामसारखी ती वापरात दिसली आणि बंद झाल्याची तारीख माहीत असली तरच वरची मर्यादा ठरते. एमएच आणि दोन आकडे अशी प्लेट असेल तर फोटो १९८९ च्या आधीचा नाही. सिनेमाचं पोस्टर सापडलं तर भिंग घेऊन बसा, त्याच्याइतकी नेमकी खूण क्वचित मिळते.

५. गणवेश, पण जपून

हाफ पँट दिसली की ब्रिटिश काळ, हा फार पसरलेला गैरसमज आहे. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं शिपाई हाफ पँटमध्येच होते. त्यापेक्षा बिल्ला बघा. मुकुट म्हणजे ब्रिटिश राजवटीचा काळ, अशोकस्तंभाचे सिंह म्हणजे स्वातंत्र्यानंतर. खांदे आणि बाह्याही बघा. बाहीवर दोन फिती म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. खांद्यावर दोन तारे आणि खाली लाल-निळी फीत म्हणजे फौजदार, तीन तारे आणि तीच फीत म्हणजे निरीक्षक.

मुंबईच्या शिपायाचा जुना वेश निळा आणि टोपी पिवळी. कृष्णधवल फोटोत यामुळे गोंधळ होतो. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटांना फक्त निळा प्रकाश नीट दिसे. त्यामुळे निळा डगला अपेक्षेपेक्षा फिका आणि पिवळी टोपी जवळजवळ काळी उमटते. नंतरच्या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांचा प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर पिवळा उजळ येतो. ‘काळी टोपी आहे, म्हणजे मुंबईचा नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी फोटो किती जुना आहे ते बघा.

गावाचं नाव माहीत असेल तर त्या काळात ते गाव कोणत्या राज्यात होतं ते आधी तपासा. नांदेड किंवा बीडचा फोटो सप्टेंबर १९४८ च्या आधीचा असेल तर ते निजामाचे पोलीस. त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. अमरावती, अकोला त्याच तारखेपर्यंत मध्य प्रदेशात होते. कोल्हापूर संस्थानाचं पोलीस दल मुंबई राज्यात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला संस्थानाबरोबर. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता. बिल्ला ओळखीचा वाटत नाही त्याचं कारण बहुतेकदा इथे सापडतं.

६. बक्कल नंबर

शिपायापासून हवालदारापर्यंत प्रत्येकाला बक्कल नंबर असतो, आणि तो नावाइतकाच उपयोगी असतो. स्कॅन २०० टक्क्यांवर न्या, पट्ट्याच्या बक्कलावर आणि खांद्याच्या पट्टीवर थांबा. कॉन्ट्रास्ट वाढवा, चित्र निगेटिव्हसारखं उलटं करून पाहा. पितळेवर पडलेला उजेड कमी झाला की आकडे उठतात. आकडे आरशातल्यासारखे उलटे दिसत असतील तर प्रत निगेटिव्ह पालथी ठेवून छापली आहे. सगळा फोटो डावं-उजवं बदलून सरळ करा, नाहीतर ‘डावीकडून तिसरा’ हा माणूस चुकेल.

हा नंबर त्या-त्या जिल्ह्यापुरता किंवा आयुक्तालयापुरता असतो. बदली झाली की बदलतो, माणूस निवृत्त झाला की पुढच्याला मिळतो. म्हणून नुसता नंबर लिहू नका. नंबर, घटक (तो जिल्हा किंवा आयुक्तालय) आणि साल तिन्ही एकत्र लिहा. घरात सेवापुस्तकाची प्रत, बदलीचे आदेश, पेन्शनची कागदपत्रं असतील तर ती त्याच्याशी ताडून बघा.

७. माणसांना विचारणं

फोटोची ए-थ्री आकाराची प्रत काढा. वर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याभोवती गोल आणि क्रमांक टाका. त्या काळच्या निवृत्त काकांकडे ती घेऊन जा, सकाळी, उजेडात. ‘हे आमचे आजोबा ना?’ असं आधीच विचारू नका. मान हलते आणि चूक पक्की होते. ‘यात कोण ओळखू येतं?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. मग ठिकाण, साहेब, ऋतू, बंदोबस्त कशाचा होता हे विचारा. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर किंवा ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप अशा घटनांशी आठवण जोडली की साल आपोआप बसतं. सांगणाऱ्याचं नाव आणि बोलण्याची तारीख नोंदवा. दोघांनी वेगवेगळी नावं सांगितली तर दोन्ही ठेवा.

८. नोंद, मालकी, प्रसिद्धी

मूळ फोटोच्या पाठीवर लिहायचंच असेल तर मऊ २बी पेन्सिलीने, कडेला, दाब न देता. बॉलपेनचा ठसा पुढून उठतो. प्रत्येक फोटोच्या नोंदीत तीन ओळी वेगळ्या असू द्या: फोटोवर लिहिलेलं, कुणी सांगितलेलं, तुम्ही ताडलेलं.

भारतात प्रसिद्ध झालेल्या फोटोचं स्वामित्व २०१२ पर्यंत प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिके; त्या वर्षीच्या कायदादुरुस्तीनंतर ते छायाचित्रकाराच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतं. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने काढलेला फोटो घरात सापडला म्हणून तो छापण्याचा हक्क मिळत नाही. आणि फोटोत आरोपी, पीडित स्त्री, लहान मूल किंवा मृतदेह असेल तर तो फोटो लोकांसमोर टाकू नका. आरोपी पुढे निर्दोष सुटलेला असू शकतो, त्याची नातवंडं त्याच गावात राहत असतील.

९. ठेवणं

चिकट पानांचे अल्बम आणि पीव्हीसीची पाकिटं टाळा. एकेक फोटो आम्लरहित कागदी पाकिटात, पाकिटं उभी, डबा माळ्यावर नाही आणि जमिनीवरही नाही, आतल्या भिंतीच्या कपाटात. डांबराच्या गोळ्या फोटोशेजारी ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की सुकवून परत वापरा. जुन्या निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती फिल्म कुजायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून त्याच दिवशी वेगळी करा आणि सगळ्यात आधी तिचं स्कॅन घ्या. स्कॅनच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा, आणि दसऱ्याच्या सुमाराला, हवा कोरडी झाली की, डबा उघडून बुरशी आणि कसर बघा.