रात्री अकराला पाईप फुटला तर आधी प्लंबर नाही, वॉल शोधा

मागच्या पावसाळ्यात आमच्या बाथरूममधला गीझरखालचा कनेक्शन पाईप फुटला, तो बाहेरून स्टीलची जाळी आणि आतून रबर असतो ना, तोच. रात्रीचे अकरा. घरातले सगळे आधी फोनकडे धावले, मी पण. एका प्लंबरने फोन उचलला नाही, दुसरा म्हणाला पाऊण तास लागेल भिया (इंदुरी भैया), आणि इकडे पाणी उंबरा ओलांडून हॉलमध्ये यायला लागलेलं. गीझरखालचा अँगल कॉक (भिंतीतल्या लाईनचं पाणी बंद करायचा छोटा नळ) इतकी वर्षं कोणी फिरवलाच नव्हता त्यामुळे जाम. गच्चीवर पळालो तर टाकीच्या वॉलचं (व्हॉल्व्ह हो, पण इंदूरात वॉल म्हटल्याशिवाय दुकानदाराला कळत नाही) चाक नुसतंच गोल गोल फिरतंय, आत काही हलतच नाही. शेवटी आईने डोकं चालवलं. त्या संध्याकाळी भुट्ट्याचा कीस केला होता, किसलेली कणसं ओट्यावर तशीच पडलेली, त्यातलं एक उचलून तिने त्याला जुनं फडकं गुंडाळलं आणि म्हणाली, जा, टाकीच्या आतून भोकात कोंब. आमची टाकी जुनी सिमेंटची, कमरेएवढीच, खांद्यापर्यंत हात घालून कोंबलं आणि खाली धार थांबली.

तर पहिलं काम हे, आजच करा, काही बिघडलेलं नसताना. घरातले सगळे वॉल शोधा. नर्मदेच्या लाईनचा (म्हणजे महापालिकेच्या नळाचा) वेगळा, बोरिंगचा वेगळा, टाकीतून खाली येणाऱ्या लाईनचा वेगळा, कुठल्याने काय बंद होतं ते एकेक फिरवून बघा आणि त्यावर ऑईल पेंटने नाहीतर नेलपॉलिशने लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी एकदा सगळे बंद-चालू करायचे, नाहीतर बोरिंगच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर बसून जाम होतातच. चाकवाला जुना गेट वॉल असेल तर पुढच्या वेळी प्लंबर येईल तेव्हा दांडीवाला बॉल वॉल बसवून घ्या. पाव फेरा फिरवला की बंद, आणि दांडी पाईपला आडवी दिसली म्हणजे बंद आहे हे अंधारातही हाताला कळतं.

आणि पाणी गीझर, मोटर किंवा बोर्डाकडे जात असेल तर पाण्याच्याही आधी वीज. मेन स्विच पाडायचा, तोही कोरड्या हाताने, पाण्यात उभं राहून नाही. मग वॉल बंद करून सगळ्यात खालचा नळ उघडा म्हणजे पाईपातलं उरलेलं पाणी तिथून निघून जाईल. फुटलेल्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून गुंडाळून वरून तार नाहीतर क्लिप आवळली की सकाळपर्यंत निभतं. एमसील (मळून लावायची पुट्टी) लोक चालत्या पाण्यावर थापतात, ते टिकत नाही, त्याला जागा कोरडी आणि घासलेली लागते.

आता रोजची दुखणी. नळ टपकतोय तर दहातून आठ वेळा वॉशर गेलेला असतो, पाणी बंद करून पान्याने वरचं खोला, स्पिंडल काढा, टोकाचा वॉशर दुकानात नेऊन तसाच आणा. पाव फेऱ्याचा नवीन नळ असेल तर वॉशर नसतो, आतली अख्खी कार्ट्रिज बदलतात, ती मात्र त्याच कंपनीची लागते. आणि टपकू द्यायचं नाही हो, सेकंदाला एक थेंब धरला, चार थेंबांचा एक मिली, तर दिवसाला २० लीटरच्या वर जातं. हे पाणी ७० किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदेतून उपसून घाट चढवून आणलेलं असतं, आणि एक दिवसाआड नळ येणाऱ्या घरात २० लीटरची किंमत काय ते ज्याने भरून ठेवलंय त्यालाच विचारा.

फ्लशची टाकी गळते ती दिसत नाही. तिच्यात चिमूटभर खायचा रंग टाका, जिलबीचा असतो तो चालेल, अर्धा तास फ्लश करू नका, खाली भांड्यात रंग उतरला तर आतला रबर गेला.

टेफ्लॉन टेप (नळाच्या आट्यांवर गुंडाळायची पांढरी पट्टी) सगळे लावतात पण उलटी. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, तरच नळ कसताना ती बसते, नाहीतर उकलत जाते.

सिंक तुंबलं की ऍसिड ओतायची आपल्याकडे घाई फार. आधी खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप (सिंकखालची बाटलीसारखी वाटी) हाताने खोला, त्यात चहाचा चोथा आणि तुपाचा गोळा मिळेल, काम झालं. ऍसिड आणि ब्लीचिंग पावडर तर चुकूनही एकत्र नको, क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

गीझरच्या सेफ्टी वॉलमधून तापताना चार थेंब पडले तर घाबरू नका, ते त्याचं कामच आहे. आणि त्याला कोणी डट्टा मारून बंद करून देतो म्हणाला तर त्या माणसाला पुन्हा बोलवू नका.

प्लंबरचं म्हणाल तर तो संकटाच्या आधी शोधायचा. कॉलनीजवळच्या हार्डवेअरवाल्याला विचारा, त्याच्याकडून रोज सामान नेणारा मिस्त्री कोण. तो दूरचा नसतो आणि काम बिघडलं तर दुकानावर सापडतो. त्याला आधी एखादं छोटं काम द्या, नळ बदलायचं वगैरे, हात कसा आहे कळतं. रात्री फोन करताना नुसतं "जल्दी आओ" म्हणू नका. पाणी बंद झालंय की चालू, पाईप लोखंडी की प्लास्टिकचा, अर्धा इंची की पाऊण, हे सांगा आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाका, म्हणजे तो सामान घेऊनच निघतो. रात्री यायचे किती, मजुरी किती आणि सामान वेगळं का, हे तिथेच फोनवर विचारायचं. लाजायचं नाही.

आमच्याकडे त्या रात्री जो आला त्याने पाईप बदलता बदलता "भिया, ये तो पूरा सेट गया" म्हणत चांगला चालणारा मिक्सरही (गरम-थंड पाण्याचा एकत्र नळ) काढायला लावला. जुना मिक्सर पिशवीत घालून घेऊनही गेला. म्हणून काढलेला प्रत्येक जुना भाग आपल्याजवळ ठेवायचा. मोठं सामान सकाळी सियागंजात, म्हणजे इंदूरच्या घाऊक बाजारात, जाऊन स्वतः बघून आणा, रात्री फक्त पाणी थांबण्यापुरतंच काम.

गरम पाण्याच्या लाईनला सीपीव्हीसीच (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक) पाईप आणि त्याचंच सोल्युशन (जोडायचा चिकट डिंक) लागतं, साधा पीव्हीसी लावत असेल तर तिथेच थांबवा. सोल्युशन वाळायचा वेळ डब्यावर लिहिलेला असतो, तेवढा जाऊ द्या. आणि नर्मदेच्या लाईनचं काम असेल तर थोडे पैसे मागे ठेवा, पुढच्या वेळी नळ येतील, पूर्ण जोराने पाणी चढेल, सांध्यावरून कोरडं बोट फिरवून बघा, मग द्या.