नव्या उपनगरात रुळताना : पहिल्या आठ रविवारांचे नियोजन

गिरगावातले बिऱ्हाड मुलुंडला हलवल्यानंतर आमच्या घरचे पहिले चार रविवार गिरगावातच गेले. मासळी तिथली, वाणी तिथला, इतकेच काय, न्हावीदेखील तिथला. महिनाभराने असे लक्षात आले की, मुलुंडमध्ये स्टेशनपासून घरापर्यंतचा एक रस्ता सोडला तर आम्हाला काहीच ठाऊक नव्हते, आणि शेजारच्या बिऱ्हाडातल्या मंडळींची नावेसुद्धा दारावरच्या पाटीवरून वाचलेली होती. म्हणून मुंबईत एका भागातून दुसऱ्या भागात राहायला जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला असा आहे की, सण, आजारपण आणि लग्नकार्य वगळता पहिले आठ रविवार जुन्या भागाकडे फिरकू नये. आठ एवढ्याचसाठी की, दोन महिन्यांत विजेची दोन बिले येतात, वाणसामान दोनदा भरले जाते, एखादा सण पार पडतो आणि घरातल्या प्रत्येकाच्या पायाला नवी वाट माहीत होते.

फिरायला निघण्यापूर्वी पहिला शनिवार घराच्या कामांसाठी राखून ठेवावा. भाड्याचे घर असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार ही नोंदणी बंधनकारक असून तिची जबाबदारी घरमालकावर असते. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवली आहे की नाही, तेही त्याच वेळी विचारून घ्यावे. गॅस, आधार आणि बँकेतला पत्ता ही कामे याच कराराच्या प्रतीवर होतात. मतदार यादीतला पत्ता बदलण्यासाठी नमुना क्रमांक ८ भरावा लागतो, आणि तो निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता आधीच भरलेला बरा.

विजेच्या बाबतीत मुंबईची एक गंमत आहे, आणि ती घर बदलल्याशिवाय कळत नाही. शहर भागात वीज बेस्टची असते, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानीची आणि काही घरांत टाटा पॉवरची. भांडुप आणि मुलुंडमध्ये मात्र ती महावितरणची असते. त्यामुळे जुना ग्राहक क्रमांक, बिल भरण्याची जुनी सोय आणि तक्रारीचा पाठ झालेला दूरध्वनी क्रमांक हे सारे एका दिवसात निरुपयोगी होते. आधीच्या रहिवाशाने थकबाकी ठेवली आहे का, हे किल्ली हातात घेण्यापूर्वीच पाहावे, कारण मीटर तोडायला माणूस आला की तो बिल कोणाच्या काळातले आहे हे विचारत बसत नाही.

पाण्याची चौकशी सेक्रेटरीकडे नव्हे, तर वॉचमनकडे करावी. सेक्रेटरी नियम सांगतात. पंप चालू करणारा माणूस वेळ सांगतो. मुंबईच्या पाण्यावर प्रक्रिया करणारे भांडुप संकुल मुलुंडपासून जवळच आहे, पण म्हणून नळाला दिवसभर पाणी असेल असे मानू नये. महापालिकेचे पाणी ठरलेल्या वेळी येते, खालच्या टाकीत साठते आणि तिथून वर चढवले जाते. वरच्या टाकीचे पाणी घरात कोणत्या वेळी सोडतात, हे सोसायटीवर अवलंबून असते. धुणे-भांडी करणाऱ्या बाईंची वेळ या वेळेशी जुळली नाही, तर महिनाभर रोज सकाळी वाद होतात. पाणी, कचरा किंवा पडलेले झाड यांपैकी कशाचीही तक्रार करायची असेल तर महापालिकेचा १९१६ हा क्रमांक असतोच, पण आपला भाग कोणत्या विभाग कार्यालयाच्या हद्दीत येतो हेही माहीत असावे. मुलुंड टी विभागात येते.

पहिले दोन रविवार निव्वळ पायी फिरावे. मुंबईच्या उपनगरात पत्ता सांगितला की पुढचा प्रश्न ‘ईस्ट की वेस्ट’ हाच असतो, कारण रेल्वेचे रूळ उपनगराचे दोन तुकडे करतात आणि या दोन तुकड्यांचे स्वभाव वेगळे असतात. मुलुंड पश्चिमेला बाजारपेठ, पाच रस्त्याची गर्दी आणि त्यामागे डोंगर आहे. पूर्वेला तुलनेने निवांत वस्ती, मिठागरे आणि पुढे खाडी आहे. एक रविवार एका बाजूला आणि दुसरा दुसऱ्या बाजूला असा द्यावा. सकाळी सातला निघावे, कारण त्या वेळी दुकाने उघडत असतात आणि कोण कुठे काय विकतो हे नीट दिसते. पिठाची गिरणी, रात्री उशिरापर्यंत उघडे असणारे औषधांचे दुकान, जवळचा दवाखाना, इस्त्रीवाला आणि चपला शिवून देणारा कारागीर या पाच जागा पहिल्याच फेरीत सापडल्या पाहिजेत. शेवटचा कारागीर सगळ्यांत दुर्मीळ असतो, आणि त्याची गरज नेमकी भर पावसात पडते.

मासळीचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण आमच्या रविवारच्या गिरगाव वाऱ्यांचे खरे कारण तेच होते. मुलुंडमध्ये गुजराती वस्ती मोठी आहे. फरसाणाचे दुकान दर वळणावर भेटते, कोळीण मात्र शोधावी लागते. ती एकदा सापडली की बुधवार, शुक्रवार आणि रविवार यांपैकी एक वार धरून सलग तीन आठवडे तिच्याकडेच जावे. पहिल्या खेपेला भाव फार पाडू नये. तिसऱ्या खेपेला ती आपणहून सांगते की, आजचा पापलेट घेऊ नका, बोंबील न्या. आणि या एका वाक्यासाठी आधीच्या दोन खेपांना दहा-वीस रुपये जास्त गेले असतील तर ते वाया गेले नाहीत. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर घर बदलणाऱ्यांनी ताज्या मासळीवरून नव्या बाजाराची परीक्षा करू नये. तेव्हा सुकट-बोंबील कुठे चांगले मिळतात, एवढेच पाहून ठेवावे.

तिसऱ्या रविवारी स्टेशनचा अभ्यास करावा. ही गोष्ट हास्यास्पद वाटेल, पण मुंबईतले निम्मे वेळापत्रक फलाटावर ठरते. मुलुंडला काही फास्ट गाड्या थांबतात आणि काही घाटकोपर सोडल्यावर थेट ठाण्यालाच थांबतात. इंडिकेटर न वाचता गाडीत चढलेल्याला आपले स्टेशन खिडकीतून मागे पडताना पाहावे लागते. कोणता पूल घराच्या बाजूला उतरतो आणि त्यासाठी कोणत्या डब्यात बसावे, हे एकदा नक्की केले की रोजची पाच मिनिटे वाचतात. रविवारी रुळांच्या देखभालीसाठी मेगाब्लॉक असतो, आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर तो अनेकदा माटुंगा ते मुलुंड असाच असतो. साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत फास्ट गाड्या स्लो मार्गावरून जातात, त्यांना उशीर होतो आणि गर्दी वाढते. ब्लॉकची माहिती आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येते; ती न वाचता सहल ठरवू नये. दक्षिण मुंबईतून येणाऱ्यांना आणखी एक बदल पचवावा लागतो. तिथे काळी-पिवळी टॅक्सी असते, रिक्षा नसते, आणि इथे नेमके उलटे असते. शीव आणि वांद्र्याच्या पलीकडे शहरात रिक्षाला परवानगी नाही. शेअर रिक्षाची रांग कुठे लागते, हे स्टेशनबाहेर पाच मिनिटे उभे राहिले तरी कळते.

चौथ्या रविवारपासून सहली सुरू कराव्यात, आणि त्या घराच्या अंगणापासून बाहेर अशा क्रमाने कराव्यात. घर बदलल्यावर मुंबईचा नकाशा आपल्यापुरता उलटा होतो, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. गिरगावात असताना सहल म्हणजे चौपाटी, आणि डोंगर म्हणजे पहाटे चारला उठून गाठायची गोष्ट होती. मुलुंडला आल्यावर समुद्र तीसेक किलोमीटर लांब गेला, पण सह्याद्री तेवढाच जवळ आला. नव्या घरी राहून जुन्याच चौपाटीवर जाण्याचा हट्ट धरला, तर रविवारचे तीन-चार तास गाडीत जातात आणि त्याचा दोष मात्र नव्या भागाला दिला जातो.

मुलुंडकरांसाठी सर्वांत जवळचे आणि सर्वांत कमी पाहिले जाणारे ठिकाण म्हणजे ठाण्याची खाडी. राज्य सरकारने २०१५ मध्ये तिचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला, आणि २०२२ मध्ये तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. मुलुंड पूर्वेकडून पूल ओलांडला की ऐरोली येते. तिथे वनविभागाचे सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तिथून बोटीची फेरी निघते. रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबर ते मे या काळात असतात. फेरीची वेळ घड्याळावर नव्हे, भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी चौकशी करूनच निघावे. भरतीचा अंदाज घरबसल्या काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत अशी : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला आणि अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास. खाडीत आत पाणी थोडे उशिरा चढते, तेवढी सवलत धरावी. हा हिशेब मुलांना शिकवला की दिनदर्शिकेतल्या तिथीकडे ती पहिल्यांदाच कुतूहलाने पाहतात.

पश्चिमेचा डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची मागची बाजू. शंभर चौरस किलोमीटरहून मोठ्या या जंगलाचे मुख्य प्रवेशद्वार बोरिवलीला आहे, त्यामुळे कान्हेरीची लेणी डोंगरापलीकडे असली तरी तिथे जायला पूर्ण वळसा घालावा लागतो. तो एका रविवारी जरूर घालावा. लेणी शंभराहून जास्त आहेत, आणि प्रवेशद्वारापासून ती काही किलोमीटर आत असल्याने सकाळी लवकर पोचणे हाच उत्तम मार्ग. उद्यान सोमवारी बंद असते. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी मात्र एक पथ्य पाळावे. या जंगलात बिबटे आहेत. उघड्यावर टाकलेल्या अन्नावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून सोसायटीचा ओला कचरा झाकलेला असावा, आणि अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे बाहेर पाठवू नये. पावसाळ्यात धबधब्यांच्या ठिकाणी जायला प्रशासन बंदी घालते, ती मोडण्यात कसलाही पराक्रम नाही.

ठाणे एका स्टेशनावर आहे, म्हणून ते सहलीत धरले जात नाही. माझ्या मते संध्याकाळच्या फेरीसाठी ते सर्वांत सोयीचे आहे. मासुंदा तलावाकाठी तलावपाळीवर बसावे, कोपिनेश्वराचे दर्शन घ्यावे, आणि नाटक असेल तर गडकरी रंगायतन जवळच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली होती, आणि आपली रोजची लोकल त्याच वाटेने धावते, हे खिडकीजवळची जागा मिळालेल्या दिवशी मुलांना सांगण्यासारखे आहे.

थोडे लांब जायचे असेल तर गाडी शहराकडे नव्हे, उलट दिशेने पकडावी. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले, १०६० मधले आहे. ठाण्याला गाडी बदलली की अंबरनाथ गाठता येते आणि दुपारच्या जेवणाला घरी परतता येते. मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावीत. टिटवाळ्याच्या गणपतीला संकष्टी सोडून इतर दिवशी गेल्यास दर्शन निवांत होते. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी १९०७ पासूनची आहे. वर मोटारींना बंदी असल्याने म्हाताऱ्या माणसांच्या चालण्याचा विचार आधी करावा लागतो.

ज्यांना रविवारऐवजी आठवड्यात सुट्टी असते त्यांनी बंद दिवस पाठच करावेत. घारापुरी सोमवारी बंद, भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या आवारातले भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, दादरची बरीचशी दुकाने सोमवारी बंद, आणि कापडासाठी मंगळदास मार्केटला जायचे तर ते रविवारी बंद.

प्रत्येक रविवार बाहेर घालवावा असे मात्र नाही. मुलुंडला कालिदास नाट्यगृह आहे आणि महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय आहे. नव्या भागात ओळखी करून घेण्यासाठी ग्रंथालयाच्या सभासदत्वाइतका स्वस्त आणि भरवशाचा उपाय मला सापडलेला नाही. पुस्तक बदलायला आलेला माणूस घाईत नसतो. सोसायटीच्या पहिल्या सर्वसाधारण सभेला जावे, पण पहिल्या सभेत सूचना करू नयेत. भाडेकरूला मत नसते, तरी गणपतीची वर्गणी मागायला मंडळी आली की त्यांना घरात बसवून चहा द्यावा. लिफ्टमध्ये महिनोन्‌महिने हसून न झालेली ओळख त्या दहा मिनिटांत होते.

आठव्या रविवारी आपण जुन्या भागात जाण्याऐवजी तिथल्या माणसांना जेवायला बोलवावे. मेगाब्लॉक नाही हे आधी पाहावे. त्यांना पूर्व की पश्चिम, कोणत्या डब्यात बसायचे, कोणत्या पुलाने उतरायचे आणि शेअर रिक्षा कुठे मिळते, हे फोनवर न अडखळता सांगावे, आणि मासळी आदल्या दिवशीच कोळणीला सांगून ठेवावी.