नाव ताइहोचं, कलम योरोचं

विषय प्राचीन जपानच्या रित्सुर्यो कायदेसंहितांचा. रित्सु म्हणजे दंडविधान, र्यो म्हणजे कारभाराचे नियम, वर दोन परिषदा, खाली आठ मंत्रालयं. एवढं येतं असं धरून चालू. तो तक्ता एका संध्याकाळी पाठ होतो; रडवतं ते पुढचं.

ताइहो संहिता ७०१ मध्ये पुरी झाली, पण तिची प्रत आज शिल्लक नाही. आपण वाचतो ते तिच्यानंतरच्या योरो संहितेचं र्यो, आणि तेही दोन भाष्यांतून: ८३३ चं सरकारी 'र्यो नो गिगे' आणि त्याच शतकातलं खासगी संकलन 'र्यो नो शूगे'. योरोचं काम ७१८ चं मानतात, पण अंमल आला ७५७ मध्ये. तोवर कारभार ताइहोवरच. ७४३ चा कायदा घ्या, नव्याने लागवडीला आणलेली जमीन कायमची देणारा. त्याची पार्श्वभूमी सांगताना योरोचं कलम 'तेव्हाचा कायदा' म्हणून डकवलंत, तर परीक्षक लाल रेघ मारणार. मारायलाच हवी.

म्हणून आधी घटनेचं वर्ष लिहा. त्या वर्षी लागू काय होतं ते बघा. मग योरोचं कलम काढा आणि शूगेत त्याखाली 'कोकि' आहे का शोधा. हे ७३८ च्या सुमाराचं, ताइहोवरचं भाष्य. त्यात मूळ कलमाचे जेवढे शब्द उद्धृत आहेत तेवढेच ताइहोचे. कोकि नसेल तर सरळ 'योरोवरून अनुमान' असं लिहा. यात कमीपणा नाही. शूगेचे ५० पैकी ३५ खंडच उरलेत, ही वेळ सगळ्यांवर येते.

रित्सुची अवस्था याहून वाईट. मोठा भाग हरवलाय, म्हणून लोक चीनच्या तांग संहितेतून भोकं बुजवतात. शिक्षा तशाच उचलू नका. जपानने बऱ्याच ठिकाणी त्या एक-दोन पायऱ्या खाली आणल्या होत्या.

'निहोन शोकी' या जुन्या इतिहासग्रंथातही हाच रोग. ६४६ च्या फर्मानात जिल्ह्याला 'गुन'चं चिन्ह आहे. फुजिवारा राजवाड्याच्या जागी सापडलेल्या, ७०१ पूर्वीच्या लाकडी पट्ट्यांवर मात्र 'ह्यो'चं. ७२० च्या संपादकांनी आपल्या काळची भाषा मागे ढकलली.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-वन ही सर्वात वरची पातळी पास आहात म्हणून हे वाचता येईल असं नाही. हे कानबुन, म्हणजे जपानमध्ये वापरली गेलेली जुनी चिनी लेखनभाषा आहे. जो मार्गदर्शक 'भाषांतर पुरेल' म्हणतो, तो निदान या विषयाला नको. पण घाबरू नका, ठरावीक वाक्यरचना पुन्हा पुन्हा येतात.

सुरुवात जमिनीच्या 'देन-र्यो'ने करा, ३७ कलमं आहेत. पुरुषाला २ तान, म्हणजे ७२० बु (दोन्ही जमीन मोजायची जुनी एककं). बाईला एक तृतीयांश कमी, ४८०. हे गणित हाताने करा आणि नारा इथल्या शोसोइन या जुन्या कोठारात जपलेल्या, चिकुझेन प्रांताच्या ७०२ च्या कुटुंब-नोंदवहीतल्या जमिनीच्या आकड्यांशी ताडा. जुळलं नाही तर लगेच स्वतःला चुकीचं ठरवू नका. जमीन अपुरी असेल तिथे स्थानिक प्रमाण लावायची मुभा त्याच कलमात आहे.