बुरशी आणि खनिजांनी जड धातूंचं प्रदूषण आवरताना या चुका टाळा

बुरशी तेल किंवा कीटकनाशकाचे रेणू तोडू शकते, म्हणून शिसंही संपवेल असं धरून चालू नका. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक ही मूलद्रव्यं. त्यांचं विघटन होत नाही. बदलते ती त्यांची जागा किंवा रूप. त्यामुळे धातू शोषलेली बुरशी हा घातक कचराच असतो. ती कंपोस्टमध्ये जाता कामा नये, आणि अशा जागेवरची अळिंबी तर कुणीच खाऊ नये.

माझ्या मते सर्वात धोक्याची चूक म्हणजे बुरशी सोडून निर्धास्त होणं. अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडते. त्या आम्लाने मातीत घातलेल्या फॉस्फेट खडकाच्या पुडीतलं फॉस्फेट सुटतं, क्लोराइड असेल तर शिशाशी जुळतं आणि पायरोमॉर्फाइट हे पाण्यात जवळपास न विरघळणारं खनिज तयार होतं. पण तेच आम्ल मातीत घट्ट बसलेले इतर धातूही मोकळे करतं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर याच बुरशीने पायरोमॉर्फाइट विरघळवून शिशाचं ऑक्झॅलेट बनवलं होतं! म्हणून आधी त्याच मातीच्या कुंड्यांमध्ये चाचणी घ्या आणि झिरपणारं पाणी पुन्हा पुन्हा तपासा.

मातीत आर्सेनिकही असेल तर फॉस्फेट टाकण्यापूर्वी थांबा. लेड आर्सेनेट हे कीटकनाशक फवारलेल्या जुन्या फळबागांत शिसं आणि आर्सेनिक एकत्र सापडतात. फॉस्फेट आणि आर्सेनेट (आर्सेनिकचं मातीत आढळणारं एक रूप) रासायनिकदृष्ट्या सारखे. लोहाच्या खनिजावरची आर्सेनेटची जागा फॉस्फेट बळकावतं आणि आर्सेनिक पाण्यात उतरतं. आर्सेनिकसाठी लोहाची खनिजं बरी, पण पाणी साचून राहणाऱ्या जमिनीत तीही विरघळून आर्सेनिक सोडतात.

सांडपाण्यातला धातू बुरशी पकडत नसेल तर आधी पाण्याचा सामू (pH) मोजा. सामू २-३ असला की हायड्रोजन आयन बुरशीच्या पेशीभित्तिकेवरच्या, धातू चिकटण्याच्या जागा अडवतात. शिसं, तांबं, कॅडमियमसाठी साधारण ५-६ बरा. सहा संयुजेचं क्रोमियम मात्र आम्लधर्मी पाण्यातच चांगलं धरलं जातं. सामू फार वाढवला तर धातू आपोआप तळाशी बसतो आणि श्रेय बुरशीला जातं. त्यासाठी बुरशी न घातलेलं एक भांडं शेजारी ठेवाच.

आणि स्थिरीकरणानंतर, म्हणजे शिसं न विरघळणाऱ्या रूपात अडकवल्यावर, मातीतलं एकूण शिसं तेवढंच दिसलं म्हणून उपाय फसला असं समजू नका. घटायला हवं ते पाण्यात उतरणारं आणि शरीरात शोषलं जाणारं शिसं. प्रयोगशाळेकडून तीच चाचणी मागून घ्या.