गुलमोहर वाळतोय? आधी बुंध्याशी वाका

झाड सुकायला लागलं की लोक वर बघतात. मी आधी बुंध्याशी वाकतो. गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातल्या एका बंगल्यातला गुलमोहर असाच बघितला. शेंड्याच्या फांद्या बोडक्या, पानं बारकी, फिकट. मालकीणबाई म्हणाल्या, खत कमी पडलं असेल. बुंध्यालगतचं गवत बाजूला केलं, तर तळहाताएवढी बुरशी चिकटलेली: वरून लाखेसारखी तांबूस, चकचकीत, कडेला पांढरी, भोवती कोको पावडरीसारखी भुकटी. हा गॅनोडर्मा. तो मुळं आणि बुंधा आतून कुजवतो. बाहेर बुरशीची ही छत्री दिसते तोवर आतलं बरंच लाकूड गेलेलं असतं, त्यामुळे ती खरवडून काही साधत नाही.

मग लाकडी हातोडीनं बुंधा चौफेर ठोका. भरीव 'टक्' येतं की पोकळ 'ढब्'? पोकळ जागेवर चुन्यानं खूण करा. बुंध्याला खेटलेलं काँक्रीट, चर खणताना तुटलेली मुळं हेही तपासा, अशा जखमांतून बुरशीला वाट मिळते. सालीवरच्या करड्या दगडफुलाला मात्र घाबरू नका, ते झाड खात नाही.

झाड नव्यानं कललं असेल, बुंध्याजवळची माती भेगाळून उचलली असेल, तर खाली गाडी लावू नका, मुलांना खेळू देऊ नका. त्याच दिवशी महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा.