'च' शोधण्याची वही : हुशार मुलांच्या परिपूर्णतेच्या अट्टहासावर उपचार कसा करावा

दहावीला ९३ टक्के मिळवून तालुक्याच्या गावी अकरावी विज्ञानाला आलेली एखादी मुलगी रसायनशास्त्राची वही तिसऱ्यांदा उतरवून काढते, कारण आधीच्या वहीत एका पानावर खाडाखोड झालेली असते. पोरगी रात्री एक वाजेपर्यंत जागते, असे घरचे कौतुकाने सांगतात; पण त्या चार रात्रींत तिने एकही नवे उदाहरण सोडवलेले नसते आणि सराव परीक्षेच्या सकाळी पोटात कळ आली म्हणून ती खोलीवरच राहिलेली असते. माझ्या मते इथे कौतुक थांबवून उपचाराचा विचार सुरू करावा.

मेहनती मुलाला गुण कमी पडले की वाईट वाटते आणि मग तो चूक कुठे झाली ते पाहतो. परिपूर्णतेचा अट्टहास जडलेल्या मुलाला ती उत्तरपत्रिका उघडवतच नाही. रोझ शाफ्रान, झाफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न या मानसोपचार संशोधकांनी २००२ साली या अवस्थेची मांडणी केली, तिचा गाभा असा की माणूस स्वतःची किंमत जवळजवळ पूर्णपणे कठोर निकष गाठण्यावर ठरवतो आणि त्यापायी नुकसान होत असले तरी तो निकष सोडत नाही. निकष गाठला तर 'पेपरच सोपा होता' असे म्हणून पुढचा निकष आणखी वर नेला जातो, हुकला तर स्वतःला दूषणे दिली जातात, आणि परीक्षाच टाळली तर भीती खरी होती की खोटी हे कधी तपासलेच जात नाही. म्हणून उपचाराचा रोख टाळाटाळ आणि पुन्हा पुन्हा तपासणी या दोन सवयींवर असतो. महत्त्वाकांक्षा कमी करण्याचा येथे हेतू नाही, हे मुलाला पहिल्याच बैठकीत सांगावे. नाहीतर तो दुसऱ्या बैठकीला येत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेली आणि कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांच्या परिचयाची झालेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इच्छा आणि हट्ट यांत भेद करते. मराठीत हा भेद एका अक्षरात सापडतो. 'मला मेडिकलला प्रवेश मिळावा' ही इच्छा आहे. 'मिळालाच पाहिजे' यातला 'च' हा हट्ट आहे. मुलाने साध्या वहीत तीन रकाने करावेत : काय घडले, त्या क्षणी मनात कोणते वाक्य आले, आणि त्या वाक्याला पुरावा काय. वाक्य मनात जसे आले तसे, वऱ्हाडीत आले असेल तर वऱ्हाडीतच लिहावे. 'मले काहीच येत नाही' या वाक्यातल्या 'च'खाली रेघ मारली आणि गेल्या आठवड्यात सोडवलेली उदाहरणे मोजली की ते वाक्य सैल होऊ लागते.

मात्र मनातल्या वाक्याशी केवळ वाद घालून भीती जात नाही, प्रयोग करावे लागतात. एक पान खाडाखोडीसह सरांना दाखवणे, वर्गात सगळ्यांसमोर शंका विचारणे, धडा ठरलेल्या वेळेला अर्धवट सोडून झोपणे, असे लहान प्रयोग निवडावेत. प्रयोगाआधी 'काय वाईट होईल आणि ते होण्याची शक्यता किती टक्के' हे लिहावे व नंतर प्रत्यक्ष काय झाले ते शेजारी लिहावे. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या विद्यार्थ्याला तर प्रश्न सोडून देण्याचाच सराव द्यावा. २०२५ च्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते, बरोबर उत्तराला चार गुण होते आणि चुकीला एक गुण वजा होत होता. भौतिकशास्त्राच्या एका गणिताशी आठ मिनिटे झुंजणारा मुलगा सात प्रश्नांची वेळ घालवतो. कापूस उत्पादकाच्या घरात हे पटवणे अवघड नसते, कारण सगळी बोंडे फुटेपर्यंत पहिली वेचणी कोणी थांबवत नाही. फुटले तेवढे वेचतात, उरलेले पुढच्या वेचणीला.

घरच्यांचे काम वेगळे आणि अधिक नाजूक आहे. 'काऊन व, दोन मार्क कुठं गेले?' हा प्रश्न थट्टेने विचारलेला असला तरी मुलगी तो महिनाभर मनात वागवते. त्याहून जड असते 'तुह्यासाठीच दोन एकर इकलं' हे वाक्य, जे खरेही असते आणि मायेनेही बोललेले असते. पैशांचा विषय लपवू नये, तर स्पष्ट करावा : कर्ज किती, त्याची फेड कशी करायची हे मोठ्यांनी ठरवलेले आहे आणि ती फेड तिच्या निकालावर अवलंबून नाही, हे बाबांनी एकदा बसून सांगावे. अर्थात ते खरे असेल तरच सांगावे. मुलांना खोटा धीर लगेच कळतो.

दोन आठवडे झोप किंवा भूक गेली, छाती धडधडते, कॉलेज बुडू लागले, तर घरगुती उपाय थांबवून जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा जवळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही. डॉक्टरांनी चिंतेवर औषध दिले तर परिणाम दिसायला काही आठवडे लागू शकतात. ते मनाने बंद करू नये आणि मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या परस्पर आणू नयेत. मुलाच्या तोंडी मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, त्याला एकटे सोडू नये आणि फवारणीचे औषध घरातून हलवून कुलपात ठेवावे.

पहिल्या भेटीला वही सोबत न्यावी आणि आई-बाबांनी काही वेळ बाहेर बसावे. एक गोष्ट समुपदेशकांनीही लक्षात ठेवावी : अशी मुलगी उपचाराची वहीसुद्धा तीन रंगांत आखून, शुद्धलेखन तपासून आणते. तिला पुढच्या आठवड्याची नोंद एकाच बॉलपेनने, चुकेल तिथे नुसती काट मारून लिहायला सांगावे, आणि ती न उतरवता तशीच आणायला सांगावे.