भाईंदर ते नायगाव : रेल्वेकाठचे खाजण कसे पाहावे

भाईंदर आणि नायगाव या स्थानकांच्या दरम्यान पश्चिम रेल्वेचा मार्ग वसईची खाडी दोन पुलांनी ओलांडतो. त्या दोन पुलांच्या मधली जमीन म्हणजे पाणजू बेट. येथील खाजण, म्हणजे भरतीचे खारे पाणी शिरणारी दलदलीची जमीन, समजून घ्यायचे असेल, तर ते भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा, असे किमान दोनदा पाहिले पाहिजे.

म्हणून आधी वेळ ठरवावी. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब येथेही चालतो. पंचमीला भरती पावणेचारच्या सुमारास येते आणि ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. हा हिशेब स्थूल असून खाडीत आतवर पाणी पोहोचण्यास आणखी थोडा अवधी लागतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असल्याने पाण्याचा चढउतार कमी दिसतो. याउलट पौर्णिमेला किंवा अमावास्येला उधाणाचे पाणी दुपारच्या आसपास भरते आणि संध्याकाळी ओसरते, त्यामुळे दोन्ही रूपे एकाच दिवशी उजेडी पाहता येतात. माझ्या मते पहिल्या भेटीसाठी हाच दिवस निवडावा.

विरारकडे जाणाऱ्या धीम्या लोकलमध्ये डावीकडची खिडकी धरावी. ती बाजू पश्चिमेची, म्हणजे खाडीच्या मुखाची आहे. त्या मुखाशी उत्तर तीरावर वसईचा किल्ला आहे. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी तो पोर्तुगिजांकडून जिंकला, तेव्हा या भागात रेल्वे नव्हती आणि खाडी ओलांडायची तर होडीवाचून गत्यंतर नव्हते. 1864 मध्ये लोहमार्ग ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि 1867 मध्ये विरारहून मुंबईला उपनगरी गाडी सुरू झाली. पाणजूच्या रहिवाशांना मात्र रूळ डोक्यावरून जात असूनही नायगावला जाण्यासाठी होडीचाच आधार राहिला, आणि ही विसंगती मनाला लागते.

खाजण वाचण्याची खरी जागा रेल्वेचा भराव ही आहे. दलदलीतून भराव घातला की भरतीचे पाणी केवळ पुलाखालून आणि मोऱ्यांमधून ये-जा करू शकते, म्हणून भरावाच्या दोन्ही बाजूंची तुलना करावी. जेथे खारे पाणी रोज खेळते, तेथे तिवरांची दाट झाडी असते आणि ओहोटीला चिखलातून वर आलेली त्यांची श्वसनमुळे, म्हणजे हवा घेणारी मुळे, दिसतात; जेथे मोरी गाळाने बुजून पावसाचे गोडे पाणी साचते, तेथे पाणकणसासारख्या वनस्पती वाढू लागतात. उघड्या पडलेल्या चिखलावर बगळे आणि इतर पाणपक्षी चरताना दिसतात.

बांधांनी आखलेले उथळ चौकोन दिसले, तर ती मिठागरे समजावीत. भरतीचे पाणी आत घेऊन उन्हात टप्प्याटप्प्याने आटवायचे ही त्यांची रीत असल्यामुळे, मीठ पिकताना पाहायचे तर कोरड्या ऋतूतच, शक्यतो फेब्रुवारी ते मे या काळात जावे. आगरी समाजाचे नावच आगर या शब्दाशी जोडले जाते, इतका हा व्यवसाय येथील मातीत मुरलेला आहे.

रुळांवरून किंवा पुलावरून चालत जाऊ नये; ते बेकायदेशीर आणि जीवघेणे आहे. जवळून पाहायचे असल्यास नायगावहून होडीने पाणजूला जावे, ओहोटीच्या चिखलात पाऊल टाकू नये आणि परतीच्या होडीची वेळ जातानाच विचारून ठेवावी.